चुलीवरचं शिसं

"दार लाव गो आधी! पाण्याचो एक थेंब कढईत पडलो तर दोघींचे डोळे जातले."

मी दार लावलं, कडी घातली आणि उंबऱ्याशी फडकं कोंबलं. बाहेर आषाढ कोसळत होता. आत चुलीसमोर पाटावर माझी सासू बसली होती. चुलीवर लोखंडी कढई आणि कढईत वितळणारं शिसं. मघाशी याच चुलीवरून भात उतरला होता. सासूने पळी बुडवली, दोन फाकींच्या दगडी साच्यात शिसं ओतलं, तोंडाने फू केलं आणि जरा वेळाने साचा माझ्याकडे सरकवला. मी फाकी उघडल्या. गोळ्या सुपात टपटप पडल्या, बोरांएवढ्या, मधोमध भोक असलेल्या, चकचकीत.

"वाडीत कोण माका असो गोळो काढून दाखवूदे!" ती म्हणाली आणि त्याच बोटांनी गूळखोबऱ्याचा लाडू मोडून माझ्या तोंडात घातला. "खा. दोन जिवांची असस तू."

मी आनंदाने खाल्ला. मी सुखात होते, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटायचं की मला सासुरवास होता. मी कणकवलीच्या शिंप्याची मुलगी. समुद्र पाहिला होता तो शाळेच्या सहलीत. देवगडच्या खाडीपलीकडच्या मासेमार गाबितांच्या वाडीत सून म्हणून आले तेव्हा मला बांगडा आणि तारली यांतला फरक कळत नव्हता. सासूने एका शब्दाने हिणवलं नाही. उलट शेजारणींना ठणकावून सांगितलं, "माझ्या सुनेक मासो कळना नाय, पण परकर असो शिवता की तुमी बघीत ऱ्हवशात."

सगळी वाडी तिला भामाकाकी म्हणायची. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की पुरुष जाळी नीट करायला बसत, आणि जाळ्याला ओवायच्या शिशाच्या गोळ्या ओतून घ्यायला सगळे आमच्याकडे येत. तिच्या हाताला ते वळण होतं, तिच्या सासूकडून आलेलं. उघड्यावर ओतावं तर पाऊस, आणि तापल्या शिशात पाणी पडलं की ते तडतडून अंगावर उडतं. म्हणून हे काम घरात, दारंखिडक्या लावून, स्वयंपाकाच्या चुलीवर.

त्या वर्षी तर काम घरचंच होतं. आमच्या घरी पहिलटकरणीला पाचवा महिना लागला की येणाऱ्या बाळाच्या नावाचा नवा पाग करायची रीत. पाग म्हणजे फेकून मारायचं गोल जाळं. त्याच्या गोळ्या आजीने ओतायच्या आणि पोटुशीने आपल्या हाताने ओवायच्या. मुलगा असो वा मुलगी, दर्याने त्याला ओळखावं म्हणून. माझा नवरा हरेश देवगडातल्या गॅरेजमधून मेलेल्या बॅटऱ्यांच्या पट्ट्या आणून द्यायचा, आई, म्हणजे माझी सासू, त्या वितळवायची, मी गोळ्यांच्या कडा सुरीने खरवडायची आणि दोरीचं टोक दातांत धरून ओवायची. मला वाटायचं, माझ्यासारखी लाडकी सून अख्ख्या कोकणात नसेल.

फक्त पोटात मधूनमधून कळा यायच्या, दम लागायचा आणि तोंडाला कसलीशी कडवट चव असायची. पहिलटकरणीचं असंच असतं, असं सगळ्या म्हणाल्या. हरेश मला तालुक्याच्या गावी डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला. वालावलकरबाई मोठ्या गप्पिष्ट. नाडी बघता बघता त्यांनी माझा हात उलटा केला.

"ही बोटं कशाने काळी झाली गं?"

"गोळ्या ओवते ना. शिशाच्या."

"कुठे बसून?"

"चुलीपाशी. आई ओततात, मी ओवते."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्या बोलल्या ते मला आजही पाठ आहे. शिशाचा धूर आणि भुकटी आईच्या रक्तात जाते, रक्तातून बाळात उतरते. या महिन्यांत बाळाचा मेंदू बांधला जातोय. पाया भरताना कुणी चुन्यात मीठ कालवलं तर भिंती उभ्या राहतात, पण त्या भिंतींचा भरवसा काय?

"आणि जन्मल्यावर सुटलो असं नाही," त्या म्हणाल्या. "पहिली काही वर्षं मेंदू वाढतच असतो, आणि रांगणारं मूल जमिनीवरचं सगळं तोंडात घालतं."

माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घाबरायचं नाही. आज थांबलात तर पुष्कळ वाचेल. रक्त तपासून घेऊ. लोहाच्या, कॅल्शियमच्या गोळ्या देते त्या घे, पोटभर जेव, हात धुतल्याशिवाय तोंडात काही घालू नकोस. पण घरातून बाहेर जायला हवं ते शिसं. तू नव्हेस. कळलं ना? त्या घरात लहानाचं मोठं झालेलं आणखी कोण आहे?"

"हे आहेत," मी हरेशकडे बघितलं. "आणि धाकटे दीर. गुणाजी."

"ते कसे आहेत?"

हरेश खाली बघायला लागला. मीच सांगितलं. गुणो विशीतला. उशिरा बोलायला लागला, शाळेत तिसरीच्या पुढे सरकला नाही. दोन वस्तू आणायला सांगितल्या तर एक आणायचा, आणि तीही शेजाऱ्यांची. चटकन चिडायचा, चटकन विसरायचा. खेकडे पकडण्यात मात्र त्याचा हात कुणी धरत नसे, आणि पकडलेले सगळे स्वतःच खायचा.

बाईंनी पेन पुन्हा उचललं. "शिशामुळेच झालं असेल असं सांगता येत नाही. असेल, नसेलही. इतक्या वर्षांनी कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही."

परतीच्या वाटेवर तरीच्या होडीत बसले ती दोन काळज्या घेऊन. एक बाळाची. दुसरी सासूची. कारण गुणो असा का झाला, याचं उत्तर वाडीने केव्हाच देऊन टाकलं होतं. त्याच्या वेळी ती पोटुशी असताना भर दुपारी अंधारून आलं होतं, मोठं सूर्यग्रहण. सगळ्या गरोदर बायका घरात हातपाय न हलवता बसल्या असताना हिने म्हणे अंगणात मासा कापला. तिच्या सासूने तिला मरेपर्यंत ते ऐकवलं. बारशाला, लग्नाला, पाणवठ्यावर कुणी ना कुणी विषय काढायचंच. ती मान खाली घालून ऐकून घ्यायची. आणि आता मी तिला काय सांगणार होते? की ग्रहण राहू दे, तुझ्या ज्या हातांचं वाडी कौतुक करते त्या हातांनीच हे केलं असेल?

"तुम्ही सांगा," मी हरेशला म्हटलं. "तुमची आई आहे."

"म्हणानच तू सांग," तो म्हणाला. "माझा आयकल्यान असता तर माझा लगीन तीन वर्षां आधी झाला नसता?"

हा माझा नवरा. वादळात होडी घालेल, पण आईसमोर त्याच्या तोंडाला कुलूप.

मग आम्ही दोघांनी पळवाटा शोधल्या. मी म्हटलं, शिशाचा वास सोसत नाही. आईने लिंबाचं पान चुरगळून माझ्या नाकाशी धरलं आणि म्हणाली, आता बस. मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी धूर टाळायला सांगितलाय. तिने मला खिडकीशी बसवलं आणि गुणोला सुपाने वारा घालायला लावलं. तो असा वारा घालू लागला की चुलीतली राख उडून सगळ्यांच्या डोक्यावर बसली. शेवटी हरेशने बॅटऱ्यांच्या उरलेल्या पट्ट्या होडीत फळीखाली लपवल्या आणि गॅरेजात शिसं संपलं अशी थाप मारली. दुसऱ्या दिवशी गुणो चिंब भिजून, पट्ट्या छातीशी धरून दारात हजर.

"दादा होडीत इसारलो होतो! मी आणलंय!"

आईने त्याला कौतुकाने टॉवेलने पुसलं. हरेशने कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. रात्रंदिवस एकच विचार, पोटातल्या जिवाचं काय होत असेल. माहेरी निघून जाणं सोपं होतं. पण बाळ कधीतरी याच घरात येणार, याच जमिनीवर रांगणार.

त्या दुपारी आईने पुन्हा कढई चढवली. मी चुलीपासून दूर, दाराशी उभी राहिले. तिने लाडू मोडून पुढे केला. मी घेतला नाही.

"हात धुवून देता?" मी म्हटलं.

तिने हातातल्या लाडवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. पळी खाली ठेवली.

"तुका माझ्या हातचा नको झाला काय गो? आठ दिस बघतंय. वास येता, धूर लागता, आता हात धू. माझा काय खुपता ता तोंडार सांग."

हरेश पडवीत जाळं विणत होता. त्याची मान आणखीच खाली गेली. मी आईपुढे जमिनीवर बसले आणि वालावलकरबाई जे बोलल्या ते सगळं सांगितलं. धूर, रक्त, बाळाचा मेंदू, रांगणं. गुणोचं नाव मात्र घेतलं नाही. तो बाहेर खेकड्यांच्या मागे गेला होता.

ती चुलीतल्या जाळाकडे बघत ऐकत होती.

"पोटातल्या पोराक लागता ह्यां?"

"होय."

"डोक्याक?"

"होय."

"मगे गुणो?"

मी पडवीतल्या हरेशकडे बघितलं.

"डॉक्टरीण काय म्हणाली गुणोचा? खरा सांग. तुका माझी शपथ."

"नक्की सांगूक येवचा नाय म्हणाल्या. असात, नसात."

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग अगदी बारीक आवाजात तिने विचारलं, "म्हणजे तां गिराण नसात?"

"ग्रहणाने काही होत नाही, आई. मी विचारलं बाईंना. कधीच काही होत नाही."

आणि माझी सासू रडायला लागली. कधी कुणापुढे डोळ्यांतून टिपूस न काढणारी ती बाई पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडली. मी तिला धरलं. हरेश दारात येऊन नुसता उभा राहिला.

"मासो कापूकच नव्हतो गो मी," ती म्हणाली. "सासयेक भूक लागली म्हणान घावन काढलंय दोन. कोणी काय सांगल्यान आणि कोणी काय. मी बोललंयच नाय. म्हटलंय, माझ्या पोटचो पोर असो झालो, तर माझाच कायतरी चुकला असतला. आणि आता तू म्हणतस माझ्या हातानच..."

"नक्की नाही, आई."

"नसूदे नक्की." तिने नाक पुसलं. डोळे लाल झाले होते, पण आवाज तिचा नेहमीचा, वाडीला दटावणारा. "आभाळातल्या गिराणाक मी काय करतलंय? वीस वर्सां नुसते हात जोडलंय. ह्यां माझ्या चुलीर हा. ह्यां माका उतरूक येता."

तिने फडकं घेतलं, कढई दोन्ही कानांनी धरली आणि चुलीवरून खाली उतरवली.

त्यानंतरचं भराभर सांगते. शिसं निवून त्याची लादी झाली ती हरेशने होडीतून पलीकडे नेऊन गॅरेजवाल्याला परत दिली. घर आम्ही वरपासून खालपर्यंत ओल्या फडक्याने पुसून काढलं, आणि त्या चुलीची माती काढून नवी चूल घातली. बाळाच्या पागाला गोळ्यांऐवजी लोखंडी साखळी लागली. वाडी हसली, पण पाग बरा पडायचा. माझी लेक आता मोठी झाली आहे. माझं एक ऐकत नाही आणि प्रत्येक गोष्टीला दहा कारणं देते. बाळाचा मेंदू हा विषय माझ्यासमोर कुणी काढला की मी म्हणते, पुरेपूर आहे, थोडा परत घ्या.

पण मला सांगायचं आहे ते कढई उतरवली त्याच्या दुसऱ्या दिवसाचं.

सकाळीच वाडीतली येसू तारीण आली. तिच्या पिशवीत जुन्या फुटक्या गोळ्या, मागे छत्री धरून तिची लेक नंदा, आणि नंदाच्या कडेवर तिचं वर्षाचं पोर. नंदाने पोराला खाली सोडलं तसं ते थेट चुलीच्या दिशेने रांगत निघालं. गुणो कोपऱ्यात बसून जाळ्याचा गुंता सोडवत होता.

"भामी, एवढे ओतून दी गो," येसू म्हणाली.

"ओतूचंय नाय मी आता. आणि तूय घरात ओतू नको."

"कित्या? हात दुखता?" येसूने माझ्याकडे तिरकं बघितलं. "काय सुनेन शिकवल्यान?"

आईला होय म्हणता आलं असतं. माझ्या अंगावर ढकललं असतं तर मला काही वाटलं नसतं, वाडीने चार दिवस मला नावं ठेवली असती आणि विषय मिटला असता. मी मनातल्या मनात तयारीही केली होती.

"सुनेन सांगल्यान. पण मी बोलतंय ता गुणोची आई म्हणान," आई म्हणाली. "तुमी सगळ्यांनी माका गिराणाचा ऐकवलात. ता खोटा. ह्यो शिशाचो धूर आणि ही भुकटी बारक्या पोरांच्या डोक्याक लागता. पोटातल्यांकय लागता. माझो गुणो असो झालो तो ह्याच्यानच झालो काय, ता डॉक्टरणीकय नक्की सांगूक येना नाय. पण चूल माझी होती, धूर माझो होतो. मी नाय म्हणूचंय नाय. नंदा, पोराक उचल आधी. हय अजून सगळा पुसून झाला नाय."

नंदाने झडप घालून पोर उचललं आणि त्याच्या मुठी उघडून बघितल्या. एवढी मोठी गोष्ट माझी सासू अशी सरळ सांगून मोकळी झाली की मला तिच्या पाया पडावंसं वाटलं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"आये, मगे मी मुद्दाम नाय केलंय?"

आम्ही सगळ्या वळलो. गुणोने हातातलं जाळं खाली ठेवलं होतं.

"काय रे मुद्दाम?" आईने विचारलं.

"शाळेत. अक्षरां डोक्यात ऱ्हवत नसत. मास्तर म्हणी, तुका येता, तू मुद्दाम करतस, उभो ऱ्हव. मी उभो ऱ्हवलंय. माका वाटला, मास्तराक ठावक असतला, मी मुद्दामच करीत असतंय."

आठ दिवस मी बाळाची काळजी केली, आईच्या मनाची काळजी केली, आईने वीस वर्षं आपल्या चुकीची काळजी केली. गुणोला स्वतःबद्दल काय वाटत असेल, हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. समोर जे बोललं जातं ते त्याला कळत नाही असं सगळे धरून चालायचे. मीही.

आई त्याच्याजवळ जाऊन उकिडवी बसली. त्याची हनुवटी धरली.

"नाय रे बाबा. तू कधीच मुद्दाम केलंस नाय."

"कधीच?"

"कधीच."

गुणोने विचार केला. त्याला विचार करायला वेळ लागायचा, आणि तो पुरा झाल्याशिवाय त्याला हलवता येत नसे. मग तो उठला.

"तर मास्तराक सांगूक होया."

पेडणेकर मास्तर निवृत्त होऊन देवळामागे राहत होते. वाडीतले पुरुषसुद्धा त्यांच्या पडवीत उभे राहूनच बोलायचे. मला वाटलं, आई म्हणेल, जाऊ दे रे. पण तिने हात घासून धुतले, कपाटातलं चांगलं लुगडं नेसलं, केस सारखे केले आणि छत्री घेतली.

"भाताकडे बघ गो," ती मला म्हणाली. "आणि येशे, तू बस. चाय घेऊन जा."

दोघं पावसात निघाली. गुणो छत्रीबाहेरच चालत होता, आईच्या पुढे, भराभर. येसू चहा न घेताच उठली. जाताना गोळ्यांची पिशवी घरी न नेता आमच्या पडवीच्या बाहेर लांब ठेवली आणि नंदाला म्हणाली, पोराचे हात धू आधी.

भात झाला, आमटी झाली. मी दहा वेळा दारात जाऊन आले. दुपार कलल्यावर दोघं परतली. आई पाय धुवायला मागच्या दारी गेली. तिचा चेहरा निवांत होता. गुणो सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. केसांतून पाणी गळत होतं, आणि छाती अशी पुढे काढलेली की सदऱ्याचं बटण तुटायचं बाकी होतं.

"काय म्हणाले मास्तर?" मी विचारलं.

"बस म्हणाले माका," गुणो म्हणाला. "खुर्चीर."